मुक्काम गंगापूर रोडलाच करा

पुण्याहून शनिवारी निघून संध्याकाळी नाशिकच्या गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यातला गाण्यांचा कार्यक्रम, आणि रात्री मुक्काम नाशिकरोड स्टेशनजवळ, असा बेत तुम्ही लिहिलाय. मुक्काम तेवढा बदला. स्टेशन शहराच्या एका टोकाला, धरण दुसऱ्या टोकाला. रात्री कार्यक्रम सुटल्यावर तिकडून रिक्षा मिळणं अवघड. गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडला खोली घ्या आणि परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा.

दुसरं, थंडी. जानेवारी-फेब्रुवारीत दुपारी ऊन चटकतं, म्हणून लोक पातळ शर्टावर येतात. सूर्य मावळला की पाण्यावरून असा गार वारा सुटतो की गाण्यात लक्षच लागत नाही. मागच्या वर्षी आईची शाल आम्ही तिघींनी आळीपाळीने पांघरली. गवतावर बसणार असाल तर जाड सतरंजी हवीच, दवाने बूड ओलं होतं.

रविवारी लवकर उठून आधी पांडवलेणी चढा. एकूण २४ लेणी आहेत, त्यातलं तिसरं निवांत बघा. मिसळ लेणी उतरून आल्यावर खा. काळाराम मंदिर आणि रामकुंड जवळजवळच आहेत, तिथे चालतच फिरा. त्र्यंबकेश्वर मात्र या फेरीत नको, रविवारी दर्शनाच्या रांगेतच दिवस जाईल.