मारिओ कार्ट डीएस: एकाच कार्ट्रिजवर दोघांना खेळता येईल का?

कार्टवाली_मावशी:
माझ्याकडे डीएस लाइट (निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा कन्सोल) आणि मारिओ कार्ट डीएस या शर्यतीच्या गेमचं कार्ट्रिज आहे. भाच्याकडे थ्रीडीएस (त्यानंतरचा कन्सोल) आहे, पण हा गेम नाही. रविवारी तो येतोय आणि त्याला माझ्याशी शर्यत लावायचीय. दुसरं कार्ट्रिज शोधावं लागेल का? ऑनलाइन सेवा तर बंद झाल्यात, मग वायरलेस चालेल?

जुना_खेळिया:
ताई, काही शोधू नका, एक कार्ट्रिज पुरे. ऑनलाइन सेवेचा इथे संबंधच नाही. डीएसची २०१४ मध्ये बंद झाली, थ्रीडीएसची एप्रिल २०२४ मध्ये. पण जवळजवळ बसून खेळताना दोन्ही कन्सोल थेट एकमेकांशी जोडले जातात. राउटर नको, सर्व्हर नको.

तुम्ही कार्ट्रिज लावून मल्टिप्लेअरमध्ये जा. भाच्याने डाउनलोड प्ले (दुसऱ्याच्या कन्सोलवरून गेम तात्पुरता घ्यायची सोय) उघडायचं आणि तिथे थ्रीडीएस नव्हे, निन्टेन्डो डीएसचा पर्याय घ्यायचा. यादीत काहीच दिसलं नाही तर त्याचं वायरलेस चालू आहे का ते बघा. पहिल्या थ्रीडीएसला त्यासाठी कडेला सरकतं बटण असतं, खिशातून काढताना ते सहज सरकतं.

त्याच्याकडे अख्खा गेम येत नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा. डीएसची मुख्य मेमरी ४ एमबी, कार्ट्रिज त्याच्या कितीतरी पट मोठं. मेमरीत मावेल तेवढाच तुकडा जातो आणि कन्सोल बंद केला की पुसला जातो. म्हणून पाहुण्याला शाय गाय हे एकच पात्र मिळतं आणि मोजकेच ट्रॅक. तरी मला ही सोय फार मोलाची वाटते. २००५ च्या या गेममध्ये एका कार्ट्रिजवर आठ जण धावू शकतात. गेम विकत घेतला नाही म्हणून कुणाला नुसतं बघत बसावं लागत नाही. प्रत्येक गेममध्ये हे असायलाच हवं होतं.

पॉकेट_पायलट:
निन्टेन्डोचा नंतरचा कन्सोल स्विच २ घ्यायचा विचार असेल तर त्यातही अशीच सोय आहे, गेमशेअर नावाची, पण त्याचं तंत्र वेगळं. तिथे गेम पाठवला जात नाही. तो यजमानाच्या कन्सोलवरच चालतो आणि पाहुण्याला त्याचं चित्र दिसतं. जवळ बसलेला पाहुणा जुन्या स्विचवरूनही खेळू शकतो. फक्त गेममध्ये ती सोय दिलेली हवी, सगळ्यांत नाही. अंतर वाढलं की चित्र अडखळतं, तेव्हा एकाच खोलीत बसा.

कार्टवाली_मावशी:
आत्ताच फोनवर सांगितलं त्याला. म्हणतो, "मावशी, मला योशीच पाहिजे." काही उपाय? आणि त्याची मैत्रीण पण डीएस घेऊन येणार आहे.

जुना_खेळिया:
योशी हवा तर त्याच्या कन्सोलमध्येही कार्ट्रिज लागेल, दुसरा मार्ग नाही. दोघांकडे असलं की त्यालाही पात्र निवडता येतं. मैत्रीण मात्र बिनधास्त येऊ दे. तिनेही डाउनलोड प्ले उघडायचं आणि सगळे जोडले गेल्यावरच तुम्ही शर्यत सुरू करायची. पाहुण्यांच्या शाय गायचे रंग वेगवेगळे असतात, त्यामुळे कोण कुठे आहे ते लगेच कळतं.