सीडी३४ पॉझिटिव्ह, सीडी३८ निगेटिव्ह सॉर्ट केलं, कॉलन्यांत एनपीएम१ सापडत नाही. मदत हवी आहे

पेशीशोध: एएमएलचा (तीव्र मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर) नमुना आहे. सीडी३४ पॉझिटिव्ह, सीडी३८ निगेटिव्ह पेशी (सीडी म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणा) सॉर्ट करून, म्हणजे यंत्राने वेगळ्या काढून, मिथाइलसेल्युलोज या घट्ट वाढमाध्यमात लावल्या, १४ दिवसांनी २४ कॉलन्या उचलल्या. मूळ नमुन्यात एनपीएम१ (टाइप ए) आणि डीएनएमटी३ए (आर८८२एच) या दोन्ही जनुकांत म्युटेशन आहेत. एकाही कॉलनीत एनपीएम१ नाही! ल्युकेमियाच्या स्टेम सेल याच गेटमध्ये (खुणांवरून निवडलेल्या गटात) असतात ना? शुक्रवारी लॅब मीटिंग आहे, लवकर सांगा.

गेटवाला: सीडी३४ किती टक्के? दोन्हींचा व्हीएएफ (म्युटेशन असलेल्या डीएनए प्रतींचा वाटा)? मज्जा की रक्त? ताजं की गोठवलेलं?

उंदीरविभाग: कॉलन्यांचा नाद सोडा. एनएसजी (प्रतिकारशक्ती खच्ची केलेल्या) उंदरांत टाका, १२ आठवडे थांबा. स्टेम सेलची खरी परीक्षा तीच.

पेशीशोध: शुक्रवार म्हटलं मी, १२ आठवडे कुठून आणू? मज्जा, गोठवलेली. एनपीएम१ ४२ टक्के, डीएनएमटी३ए ४६. सीडी३४ फक्त ०.६ टक्के, पण त्याचा इथे काय संबंध?

गेटवाला: सगळा संबंध त्याचाच. म्युटेशन एकाच प्रतीवर असतं, म्हणजे ४२ टक्के व्हीएएफ म्हणजे सुमारे ८४ टक्के पेशी. सीडी३४ मात्र ०.६ टक्केच. म्हणजे तुमचा ल्युकेमिया जवळजवळ पूर्ण सीडी३४ निगेटिव्ह आहे, एनपीएम१ वाल्या एएमएलमध्ये हे नेहमीचंच. उरलेल्या ०.६ टक्क्यांत बव्हंशी निरोगी किंवा पूर्व-ल्युकेमिक स्टेम सेल असतात. कॉलन्यांत डीएनएमटी३ए पाहिलं?

पेशीशोध: २४ पैकी १७ मध्ये आहे.

गेटवाला: मग मीटिंगमध्ये हेच दाखवा. डीएनएमटी३ए आधी आलं, एनपीएम१ नंतर. त्या १७ कॉलन्या पहिल्या पायरीवरच्या आहेत आणि अजून नीट रक्तपेशी घडवतात. टोरांटोच्या जॉन डिक यांच्या गटाने २०१४ मध्ये हेच दाखवलं होतं.

कॉलनीताई: थांबा, इतक्यात निकाल देऊ नका. ल्युकेमियाच्या पेशी मिथाइलसेल्युलोजमध्ये नीट वाढत नाहीत, निरोगी पेशी झपाट्याने वाढतात. एनपीएम१ ची कॉलनी आली नाही म्हणून त्या गेटमध्ये ती पेशीच नव्हती, असं ठरत नाही. सॉर्ट केलेल्या पेशींचा थोडा भाग न वाढवता थेट डीएनएसाठी ठेवा आणि डिजिटल पीसीआर (म्युटेशनच्या प्रती मोजणारी चाचणी) करा. शिवाय एनपीएम१ तपासलं कशावर? टाइप ए म्हणजे टीसीटीजी या चारच बेसांची (डीएनएच्या अक्षरांची) भर. ॲगारोज जेलवर ती दिसणारच नाही, कॅपिलरीवर (डीएनए तुकड्यांची लांबी अचूक मोजणाऱ्या यंत्रावर) चार बेस पुढचं शिखर बघा.

पेशीशोध: कॅपिलरीवरच केलंय, ताई. मूळ नमुन्यात दोन शिखरं, कॉलन्यांत एकच.

उंदीरविभाग: १९९७ पासून सीडी३४ पॉझिटिव्ह, सीडी३८ निगेटिव्ह हीच ल्युकेमियाच्या स्टेम सेलची ओळख चालत आलीय. उंदरात न टाकता ती कशी मोडता?

गेटवाला: उंदरातच मोडली. २००८ मध्ये टाउसिग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सीडी३८ ची अँटीबॉडी चिकटलेल्या पेशी उंदराची प्रतिकारशक्तीच साफ करते, म्हणून तो भाग रिकामा वाटायचा. तुमच्या एनएसजीतही पूर्व-ल्युकेमिक पेशी रुजतात, तेव्हा कलमात (उंदरात रुजलेल्या पेशींत) सीडी३३ या मायलॉइड खुणेसोबत सीडी१९ ही बी-पेशींची खूण बघितल्याशिवाय काही बोलू नका. बी-पेशी भरपूर निघाल्या तर तो ल्युकेमिया नव्हे.

नवीआई: स्टेम सेलचा विषय निघालाच आहे म्हणून, बाळाच्या नाळेचं रक्त साठवून ठेवावं ना सगळ्यांनी? पुढे कॅन्सर झाला तर स्वतःचंच कामी येईल.

कॉलनीताई: ल्युकेमियासाठी नाही. लहान मुलांच्या एएलएलमधला (तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) ईटीव्ही६-रनएक्स१ हा जनुकांतला बदल अनेकदा जन्माआधीच झालेला असतो, म्हणजे साठवलेल्या रक्तातही असू शकतो. शिवाय दात्याच्या पेशी ल्युकेमियावर हल्ला करतात, तो फायदा स्वतःच्या पेशींत नाही. वेगळा धागा काढा.

पेशीशोध: मुद्द्यावर येऊ. उरलेल्या व्हायलमधून काय सॉर्ट करू?

गेटवाला: चार नळ्या. सीडी३४ पॉझिटिव्ह, सीडी३८ निगेटिव्ह. सीडी३४ निगेटिव्ह, सीडी३३ पॉझिटिव्ह ब्लास्ट (ल्युकेमियाच्या अपरिपक्व पेशी). सीडी१९ बी-पेशी. सीडी३ टी-पेशी. टी-पेशींत डीएनएमटी३ए मिळालं आणि एनपीएम१ नाही, तर क्रम पक्का. पण टी-पेशींना जन्मजात डीएनए समजू नका, त्यासाठी त्वचेचे फायब्रोब्लास्ट हवेत. वितळवताना माध्यम थेंबथेंब घाला, डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली ठेवा, नाहीतर मेलेल्या पेशींच्या डीएनएने गुठळी होऊन नोझल तुंबेल. डीएपीआय हा मेलेल्या पेशी दाखवणारा रंग लावून त्या वगळा. सीडी३८ ची रेघ एफएमओ कंट्रोलवर (सीडी३८ सोडून बाकी सगळे रंग लावलेल्या नमुन्यावर) ओढा.

कॉलनीताई: आणि पुढचा नमुना परळहून खारघरला येताना ईडीटीएच्या नळीत आणा. हेपॅरिन पीसीआर अडवतं. नळी बर्फात खुपसू नका, थर्माकोलच्या डब्यात खोलीच्या तापमानाला ठेवा आणि २४ तासांच्या आत फायकॉलवर पेशी वेगळ्या करा.