रंगांच्या यादीपेक्षा ढालीची विभागणी बघा

युरोपीय पद्धतीचं, ढालीवर काढायचं कुलचिन्ह (कोट ऑफ आर्म्स) बनवताना 'लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा, तेव्हा घराण्याच्या स्वभावाप्रमाणे रंग निवडा' असं सुचवलं जातं, ते मला फारसं पटत नाही. या याद्या बहुतेक नंतरच्या लेखकांनी चिकटवलेल्या आहेत. मुळात ढाल लांबून ओळखू यावी हे महत्त्वाचं. म्हणून तर सोनेरी-रुपेरी हे 'धातू' एकमेकांवर काढत नाहीत आणि लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे 'रंग'ही एकमेकांवर नाहीत. निळ्यावर काळा गरुड काढलात तर थोड्या अंतरावरून नुसता डाग दिसतो, मग त्याचा अर्थ कितीही थोर असो.

वारसा खरा दिसतो तो ढालीच्या चार भागांत. इंग्लिश पद्धतीत आईला भाऊ नसेल (किंवा भावांचा वंश उरला नसेल) आणि तिच्या माहेरचं चिन्ह असेल, तर ते मुलांकडे येतं: पहिल्या आणि चौथ्या भागात वडिलांचं, दुसऱ्या-तिसऱ्यात आईचं. हमखास गोंधळ होतो तो इथे. उजवी-डावी बाजू ढाल धरणाऱ्याची मोजतात, त्यामुळे पहिला भाग बघणाऱ्याच्या डावीकडे वर येतो.

आडनावावरचा श्लेषही जुनाच आणि मला सगळ्यात आवडणारा प्रकार. ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांच्या आईचं माहेर बोज-लायन. त्या घराण्याच्या ढालीवर निळा सिंह (इंग्रजीत 'लायन') आणि तीन धनुष्यं ('बोज') आहेत. चित्रकाराकडे जाण्याआधी ढालीचं वर्णन शब्दांत लिहून काढा. दोन-तीन ओळींत मावलं नाही तर त्यातली चिन्हं कमी करा, अंगठीवरच्या मुद्रेत एवढी गर्दी उमटत नाही.