मदत हवी आहे: 'पुढे ढकलणे'साठी इंग्रजीत नक्की कोणता शब्द?

निळीछत्री
डिले, पोस्टपोन, डिफर. शब्दकोशात तिन्हींपुढे 'पुढे ढकलणे' असंच दिलंय. मला एका मेलमध्ये यातला एक वापरायचाय. आधीच्या मेलमध्ये 'डिले' लिहिलं होतं, तर तिकडून उलट प्रश्न आला की तुम्हाला नक्की काय हवंय. आज रात्री 9 च्या आत उत्तर पाठवायचंय. फक्त शब्द सांगा, प्लीज.

रेल्वेकॉलनी
काय पुढे ढकलायचंय? मीटिंग, हप्ता, लग्न? मेल कुणाला? आणि ढकलणारे तुम्ही की ते? हे कळल्याशिवाय कसं सांगणार?

दिवाणी
'अ‍ॅडजर्न' लिहा. वीस वर्षं वकिली करतोय, अर्जात हाच शब्द चालतो. मूळ जुन्या फ्रेंचमधलं, त्यात 'दिवस' दडलाय, म्हणजे काम अमुक दिवसावर टाकणं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 मध्ये तर एका पक्षाला सुनावणीत तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत असं लिहिलंय.

रेल्वेकॉलनी
वकीलसाहेब, अ‍ॅडजर्न होतं ते भरलेलं सभागृह, बसलेली बैठक. जे सुरूच झालं नाही ते पोस्टपोन. 2020 चं टोकियो ऑलिंपिक 2021 वर गेलं, ते पोस्टपोन झालं. त्याला तहकूब कोण म्हणेल?

दिवाणी
सुनावणीचा पुकारा व्हायच्या आधीही तारीख पडते, तीही अ‍ॅडजर्नमेंटच. दावा चालू असतो ना! तुमचा नियम कोर्टात टिकणार नाही.

पहाटपाच
निळीछत्री, मीही यातून गेलोय. प्रोक्रॅस्टिनेट या शब्दात लॅटिन 'क्रास' आहे, म्हणजे 'उद्या'. माझं सगळं आयुष्य उद्यावर चाललं होतं. सकाळी उठल्यावर सगळ्यात नकोसं काम फक्त 10 मिनिटं करायचं, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. महिनाभर करून बघा, मनापासून सांगतोय.

निळीछत्री
मी चालढकल करत नाहीये हो! मला शब्द हवाय. ब्रिटनमधल्या विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळालाय, या सप्टेंबरचा. बाबांची बायपास ठरलीये, आईला एकटीला झेपणार नाही. पुढच्या सप्टेंबरला जायचंय. मेल त्यांच्या प्रवेश विभागाला आहे.

ओलीवीट
हे पहिल्याच ओळीत हवं होतं. डिफर लिहा, दुसरं काही नको. मी तिकडे शिकलेय, त्यांच्या अर्जावरही 'डिफर्ड एंट्री' असंच असतं.

फरक असा. डिले म्हणजे उशीर, आणि बहुतेकदा तो कुणाला नको असताना होतो. गाडी डिले होते, पावसामुळे टॉस डिले होतो. त्यात पुढची तारीख ठरलेली असेलच असं नाही. म्हणून त्यांना वाटलं असणार की तुम्ही आठवडाभर उशिरा पोचणार आहात. पोस्टपोन म्हणजे ठरलेला कार्यक्रम सगळ्यांसाठीच दुसऱ्या तारखेला नेणं. अभ्यासक्रम त्यांचा आहे, तो तुम्ही कसा पोस्टपोन करणार? डिफरमध्ये प्रवेशाचा हक्क तुमच्याकडे राहतो, फक्त तो वापरायची मुदत पुढे जाते.

हप्तेबंद
अगदी बरोबर. मी बँकेत आहे. 27 मार्च 2020 ला रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत जाहीर केली, नंतर ती 31 ऑगस्टपर्यंत वाढली. कितीतरी लोक काउंटरवर येऊन म्हणत, हप्ते माफ झाले ना? माफ नव्हते झाले, पुढे गेले होते, व्याज चालूच होतं. देणं तसंच राहतं आणि वेळ सरकते, तिथे डिफर.

मोडीवाचक
पण डिफर म्हणजे मत वेगळं असणं ना? 'आय डिफर'?

ओलीवीट
तो दोन एफचा, जोर पहिल्या अक्षरावर. हा एका एफचा, जोर शेवटी: डिफऽर. दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून आलेत, म्हणून घोटाळा होतो. मेल पाठवण्याआधी एफ मोजा.

तिकडचाच
सावध राहा. मी अमेरिकेत आहे. माझ्या मुलीला कॉलेजकडून 'डिफर्ड' असं पत्र आलं, आम्हाला वाटलं एक वर्षाने घेणार. प्रत्यक्षात तिच्या अर्जाचा निर्णयच त्यांनी नेहमीच्या फेरीवर ढकलला होता. जागा मिळालेलीच नव्हती! घरात दोन दिवस पेढे वाटून झाले होते. आणि इथे बैठकीत एखादा विषय 'टेबल' केला म्हणजे बाजूला ठेवला. ब्रिटनमध्ये नेमकं उलट, चर्चेला घेतला.

ओलीवीट
त्यांना तर प्रवेश मिळालेलाच आहे, त्यामुळे ती भीती नाही. पण डिफर करू देणं विद्यापीठाच्या हातात असतं. म्हणून 'मी डिफर करतेय' असं कळवू नका, विनंती करा. कारण आणि कोणता सप्टेंबर, तोही सालासकट लिहा. भरलेली अनामत पुढच्या वर्षी धरणार का, ते त्याच मेलमध्ये विचारा.

रेल्वेकॉलनी
आणि पोस्टपोनच्या उलट 'प्रीपोन' कुठे लिहू नका, इंग्रजांना कळत नाही.

दिवाणी
का लिहू नये? ऑक्सफर्डच्या कोशात आहे तो. आपल्याकडे रोज वापरतात, सरळ अर्थ कळतो. आपला शब्द वापरायला लाज कसली?

रेल्वेकॉलनी
लाजेचा प्रश्न नाही, समोरच्याला कळण्याचा आहे. आत्ताच 'डिले'ने काय झालं ते वर वाचा.

निळीछत्री
पाठवला. 'प्रवेश पुढच्या सप्टेंबरपर्यंत डिफर करण्याची विनंती' असं विषयातच लिहिलं, एफ एकच आहे. ओलीवीट, खूप आभार. व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कॅस क्रमांक आलाय, तोच पुढच्या वर्षी चालेल का?

ओलीवीट
नाही, तो त्याच अभ्यासक्रमाचा आणि त्याच तारखेचा असतो. नवा घ्यावा लागेल. आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, कधी दिलीत? निकाल दोनच वर्षं धरतात.

निळीछत्री
गेल्या नोव्हेंबरला. म्हणजे पुढच्या सप्टेंबरपर्यंत पुरेल.

पहाटपाच
बाबांची बायपास कधी आहे? सोबतीला कुणी हवं असेल तर व्यक्तिगत निरोप करा. मी पुण्यातच असतो.