मशीहा म्हणजे राजा की गडी?

कृष्णाघाट (मिरज):

परवा पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी झाला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वधस्तंभावर जायच्या आदल्या रात्री येशू जेवणावरून उठला, अंगावरचं वस्त्र काढून ठेवलं, कमरेला रुमाल गुंडाळला आणि शिष्यांचे पाय धुतले. योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात हे आलंय. त्याची आठवण म्हणून आमचे पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात.

त्या बारा जणांची यादी महिनाभर आधीच ठरली होती. पंच, खजिनदार, दोन डॉक्टर, एक निवृत्त मुख्याध्यापक, अशी सगळी मानाची माणसं. पितळी घंगाळ धरायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे एकेक पाय जवळून बघितला. घरून घासून आलेले, नखं कापलेली, एकाच्या भेगांना व्हॅसलीन लावलेलं. बारा जणांचे पाय धुऊन झाले तरी घंगाळातलं पाणी नितळच. मागच्या जास्वंदीला ते ओतताना मला लाज वाटली. अजून जात नाही, म्हणून लिहितोय.

मशीहा या इब्री शब्दाचा अर्थ अभिषिक्त, ज्याच्या डोक्यावर तेल ओतून त्याला कामावर नेमलंय असा माणूस. ख्रिस्त हा त्याचाच ग्रीक अवतार. तेल मुख्यतः राजाला आणि याजकाला लागायचं. रोमन अंमलाखाली पिचलेल्या लोकांना दावीदाच्या वंशातला राजा हवा होता, रोमनांना हाकलणारा. आणि हा गाढवावर बसून यरुशलेमात आला. आपल्याकडे गाढवावरून धिंड काढतात, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

'सेवक' हा शब्द आपण गुळगुळीत करून टाकलाय. नगरसेवक, ग्रामसेवक, फ्लेक्सवर हात जोडलेला जनसेवक. प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात येशूसाठी जो शब्द येतो तो दासाचा, म्हणजे विकत घेतलेल्या माणसाचा. मला तिथं सालगडी दिसतो. पाडव्याला ज्याचं साल ठरतं, गोठ्यात झोपतो, मालकाच्या अंगणात चप्पल काढून उभा राहतो, तो. पाय धुणं इतकं हलकं काम होतं की इब्री गुलामाला ते सांगू नये असं ज्यू गुरू शिकवत. आणि हे करून उठल्यावर येशू 'मी कसला प्रभू' असं म्हणत नाही. तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे, म्हणतो. प्रभू असल्यामुळेच वाकलो, असं त्याचं म्हणणं. माझा मुद्दा एवढाच आहे. ख्रिस्ताचं सेवकपण हा त्याच्या राजेपणावर चढवलेला नम्रतेचा दागिना नव्हे, त्याचं राजेपणच ते आहे. ज्या मंडळीत मानाच्या माणसांचेच पाय धुतले जातात, तिथं या गोष्टीचं नाटक राहिलंय.

लोणंदचा वारकरी:

दादा, तुमची तळमळ पोचली. पण 'देव दास झाला' हे जगात एकदाच घडलं असं तुम्ही लिहिता तेव्हा माझ्यासारख्याला टोचतं. नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन देवाने बारा वर्षं पाणी भरलं. जनाबाईबरोबर दळण दळलं, शेण्या वेचल्या. आमच्या घरात ही गोष्ट लहान पोरालाही पाठ असते. माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या गावात उतरते तेव्हा आमची आई ऐंशीव्या वर्षी पाटावर बसून अनोळखी माणसांच्या पायांना तेल चोळते. त्या पायांना वीस वीस किलोमीटरचा चिखल असतो आणि फोड फुटलेले असतात. तिचं पाणी नितळ राहत नाही.

तुमच्याच रेव्हरंड ना. वा. टिळकांनी हे ओळखलं होतं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात काय काढलं? 'देवाचा दरबार'. गडी म्हणवणाऱ्या देवाला दरबार कशाला लागतो, हेही सांगा.

कृष्णाघाट (मिरज):

माउली, 'जगात एकदाच' असं मी लिहिलेलं नाही, पण तसा सूर लागला असेल तर चूक माझी. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

फरक मला एका जागी दिसतो. श्रीखंड्या राबला तो एकनाथांसारख्या भक्ताच्या घरी. त्या रात्री त्या बाराजणांत यहूदाही होता. घंगाळ त्याच्यापुढेही आलं. पाय पुसून झाल्यावर तो उठून बाहेर गेला, तो धन्याला धरून द्यायला. हे ठाऊक असूनही येशूने त्याला वगळलं नाही.

दरबाराचं म्हणाल तर टिळकांनी पगार, पद, मिशनचा आधार सगळं सोडून तो मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती. असा दरबार मला चालतो.

लोणंदचा वारकरी:

मग नाथांचंच ऐका. गोदावरीवरून अंघोळ करून येताना एक माणूस त्यांच्यावर थुंकला. ते परत जाऊन नाहून आले, तो परत थुंकला. असं एकशे आठ वेळा झालं आणि नाथ एकदाही चिडले नाहीत. तापलेल्या वाळवंटात चुकलेलं महाराचं पोर कडेवर घेऊन त्याच्या घरी पोचवलं, तेही सोवळ्यातल्या ब्राह्मणाने, त्या काळात. वैऱ्यापुढे वाकणं आमच्याकडे नाही असं म्हणू नका.

कृष्णाघाट (मिरज):

नाही म्हणणार. नाथ तर मानव होते, हे आणखी भारी.

मेणवलीकर (वाई):

भक्तिभाव बाजूला ठेवून ग्रंथाचं बोलतो.

पहिलं गाढवाचं. तिथं मराठी कान फसवतो. बायबलमधल्या शास्त्यांच्या पुस्तकात याईराचे तीस मुलगे तीस गाढवांवर बसून फिरतात, तो मोठेपणाचा थाट आहे. घोडा युद्धाचा, गाढव शांततेचं. जखऱ्या संदेष्ट्याच्या नवव्या अध्यायातला, गाढवावर येणारा राजा लीन आहे हे खरं, पण त्याची धिंड निघालेली नाही.

दुसरं आणि मोठं. सगळी ख्रिस्ती मांडणी यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या त्रेपन्नाव्या अध्यायावर उभी आहे: तुच्छ लेखलेला, क्लेशांनी पिचलेला, वधायला नेलेल्या कोकरासारखा गप्प राहिलेला सेवक. पण हा सेवक कोण? एकोणपन्नासाव्या अध्यायात देव स्पष्ट म्हणतो, इस्राएला, तू माझा सेवक आहेस. अकराव्या शतकातल्या राशी नावाच्या पंडितापासून ज्यू भाष्यकार मुख्यतः हाच अर्थ लावत आले: हद्दपार होऊन चेचलेलं राष्ट्र म्हणजे तो सेवक. आणि त्या अध्यायात 'मशीहा' हा शब्द नाही. तो शब्द यशयात येतो पंचेचाळीसाव्या अध्यायात, कोरेश या इराणी बादशहासाठी! म्हणजे अभिषिक्त आहे परका सम्राट आणि सेवक आहे सोसणारी जमात. ह्या दोन धाग्यांना गाठ मारली ख्रिस्ती मंडळींनी. मारायला हरकत नाही, पण ग्रंथात आधीपासून होती असं सांगू नये.

तिसरं. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात तुमचा मशीहा पांढऱ्या घोड्यावर बसून तलवारीसह येतो. मग टॉवेल हा तात्पुरता वेष होता का?

कृष्णाघाट (मिरज):

काका, गाढवाचं मान्य. पहिल्या लेखात ते वाक्य मी घाईत लिहिलं. एकोणपन्नासावा अध्यायही मान्य, आणि ज्यू वाचकांचा त्या ग्रंथावरचा हक्क आमच्या आधीचा आहे. आमच्या प्रवचनांत त्यांच्याविषयी जे बोललं जातं ते ऐकून मी मान खाली घालतो.

पण गाठ का मारावी लागली ते बघा. मशीहा मेला की दावा संपला, हा साधा हिशेब होता. इसवी सन १३५ मध्ये ज्यू बंडाचा पुढारी बार कोखबा रोमनांकडून मारला गेला आणि त्याच्याबरोबर त्याचं मशीहापणही गेलं. येशूचे शिष्य त्याच्या आधी शंभर वर्षं त्याच जागी उभे होते. धनी वधस्तंभावर मेलेला, आणि तो वधस्तंभ रोमन लोक गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी वापरत. तरी हाच अभिषिक्त असं ते म्हणत राहिले. असा मशीहा कुणाच्या ध्यानीमनी नव्हता, म्हणून तर येशू आपल्या मरणाचं बोलतो तेव्हा त्याचा शिष्य पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. यशया त्यांनी नंतर उघडला आणि त्यात आपल्या धन्याचा चेहरा सापडला. शोधून काढलेला पुरावा म्हणून मी तो अध्याय वाचत नाही, ओळख पटली म्हणून वाचतो.

पांढऱ्या घोड्याबद्दल: त्या स्वाराचं वस्त्र लढाईला तोंड लागायच्या आधीच रक्तात बुडवलेलं आहे आणि तलवार हातात नाही, तोंडातून निघते. ते रक्त त्याचं स्वतःचं, असं मी वाचतो. उलट वाचणारे आमच्यातही पुष्कळ आहेत.

खटाव माण:

इतका वेळ गप्प बसून वाचत होतो. आता बोलतो.

माझा आजा येसकर. गावची वेस राखायची, मेलेली जनावरं ओढायची, सरकारी टपाल घेऊन पळायचं, आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. ह्याला गाव 'सेवा' म्हणायचं, कागदावर 'वतन' म्हणायचं. ही वतनं कायद्याने मोडली १९५८ साली. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या कमरेत वाकवलं, त्याला कुणी येऊन सांगायचं की देवसुद्धा वाकला, वाकण्यातच थोरवी आहे? नको आम्हाला ती थोरवी. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला ज्या पोराचं नाव दाखल झालं, त्याने आम्हाला ताठ उभं राहायला शिकवलं. जोतीरावांचं मूळ गाव कटगुण आमच्याच तालुक्यात. त्यांना ख्रिस्त आवडला तो बळीराजा म्हणून, दीनदुबळ्यांच्या बाजूने उभा राहिलेला. घंगाळ धरलेला नव्हे.

तुमच्याच शास्त्रात पौल लिहितो ना, दासांनो, धन्यांच्या आज्ञा पाळा? इफिसकरांस पत्र, सहावा अध्याय. अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनी हेच वचन वापरलं.

कृष्णाघाट (मिरज):

दादा, ते वचन आहे आणि ते असं वापरलं गेलं. त्याच्यावर पांघरूण घालणार नाही. त्याच पौलाने फिलेमोन या धन्याला त्याच्या पळालेल्या दासाबद्दल, अनेसिमाबद्दल, लिहिलं की त्याला आता दास म्हणून नको, प्रिय भाऊ म्हणून ठेवून घे. पण एका पत्राने दुसरं पुसलं जात नाही.

तुमच्या आजोबांना वाका म्हणणारा ख्रिस्ताचा नाही, एवढं मी ठामपणे म्हणतो. त्या खोलीत कोण वाकलं? ज्याच्याकडे गुरुपण होतं तो. खाली बसलेल्यांना आणखी खाली बसा असं तो म्हणाला नाही. त्याच रात्री, दोनच अध्याय पुढे, तो म्हणतो की आजपासून मी तुम्हाला दास म्हणत नाही, मित्र म्हणतो. एक जण दास झाला तो बाकीचे दास राहू नयेत म्हणून. ही गोष्ट वतनदाराला सांगायची होती. आम्ही ती येसकराला सांगितली.

खटाव माण:

हे शेवटचं वाक्य तुमच्या चर्चमध्ये उभं राहून बोला. इथं बोलणं सोपं आहे.

सांगलीची सिस्टर:

दादा, मी एकतीस वर्षं नर्सिंग केलं. आई आया होती. मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये दवाखाना सुरू केला तेव्हापासून आमच्या भागात घराघरात सिस्टर आहेत, आणि त्या कामाचा मला अभिमान आहे. माझी नोकरी दुसरीकडे होती. तिथं पगारवाढ मागायला गेलो की एकच वाक्य ऐकायला मिळायचं: 'सिस्टर, ही सेवा आहे.' हे म्हणणारे गाडीतून यायचे.

मला तुमच्या त्या अध्यायातली एक ओळ खुपते. पाय धुऊन झाल्यावर त्याने आपलं वस्त्र परत घातलं आणि जागेवर जाऊन बसला. माझ्या आईला परत जाऊन बसायला जागा नव्हती. बेडपॅन ठेवलं की दुसरं बेडपॅन. एका रात्रीसाठी टॉवेल गुंडाळणं आणि आयुष्यभर गुंडाळणं यात फरक आहे. तरीही मी त्याचीच आहे, रोज प्रार्थना करते. पण ही ओळ गिळत नाही.

कृष्णाघाट (मिरज):

ताई, ही ओळ मी शंभर वेळा वाचली असेल, अशी कधी वाचली नव्हती. दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही.

एवढंच सुचतं की ते वस्त्र त्याच्या अंगावर जेमतेम रात्रभर राहिलं. दुसऱ्या दिवशी शिपायांनी त्याचे कपडे वाटून घेतले आणि अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्या. पुन्हा बसायला जागा त्यालाही मिळाली नाही. पण तुमच्या आईंना हे उत्तर पुरलं असतं असं मला वाटत नाही.

मेणवलीकर (वाई):

सिस्टर, ग्रंथ असा वाचायला हवा. मी तीस वर्षं वाचतोय, मला ही ओळ दिसली नाही.

खटाव माण:

कृष्णाघाट, बोललात का चर्चमध्ये?

कृष्णाघाट (मिरज):

बोललो. काल रविवारी उपासना संपल्यावर पंचांसमोर. दोघं रागावून उठून गेले, पाळकसाहेब ऐकत राहिले. पुढच्या वर्षीची यादी आपण करू नये, चिठ्ठ्या टाकाव्यात, असं मी सुचवलं. निर्णय झालेला नाही.

मग बाहेर आवार झाडणाऱ्या मावशी भेटल्या. वीसेक वर्षं आमच्याकडे आहेत, मंडळीच्या सभासदही आहेत. त्यांना विचारलं, मावशी, पुढच्या वर्षी पवित्र गुरुवारी तुमचे पाय धुतले तर चालेल का? पेत्राने केलं तसंच त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाल्या, "पाय ऱ्हाऊ द्या माझं. प्रभुभोजनाच्या रविवारी मला भाईर चपला बघायला उभं करता, ते बंद करा. मला आत यायचंय."

गेली वीस वर्षं महिन्याच्या पहिल्या, प्रभुभोजनाच्या रविवारी मी त्यांच्याकडेच चप्पल ठेवून आत गेलोय. येत्या रविवारी दारात मी उभा राहणार आहे. पाळकसाहेबांना सांगून ठेवलंय.