मदत हवी आहे: भारत-चीन लावलेल्या जंगलाचा आलेख मध्येच कोसळतोय

डिचोलीकर
भाचीचा बारावीचा भूगोलाचा प्रकल्प सोमवारी द्यायचा आहे. भारत आणि चीनमधलं लागवडीचं जंगल कसं वाढत गेलं, एवढंच दाखवायचंय. पण भारताची रेघ २००० ला ३.२६ कोटी हेक्टर, २००५ ला ३२ लाख आणि २०१० ला १.०२ कोटी अशी येते. पाच वर्षांत नव्वद टक्के जंगल गेलं कुठे? कृपया लवकर सांगा.

काणकोणचा
३२ लाखांत एक शून्य गळलंय. नीट बघा.

डिचोलीकर
बघितलं. ३२.२६ लाखच छापलंय. चीनचंही तसंच, ४.५ कोटी, मग ३.१४, मग ७.७.

सत्तरीची
आकडे कुणाचे? एकाच अहवालातले की दर वर्षाचा वेगळा?

पेडण्याचा माड
एक्सेलमध्ये चीनसाठी उजवीकडे दुसरा अक्ष घ्या. दोन्ही रेघा छान दिसतील.

सत्तरीची
दुसरा अक्ष नको. भारत चीनच्या बरोबरीला आल्यासारखा दिसेल. आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या.

डिचोलीकर
जागतिक अन्न व कृषी संघटनेचे. २००० चा आकडा २००० च्या अहवालातून, २००५ चा २००५ च्या, असं.

वाळपईवाला
वन खात्याच्या रोपवाटिकेत आयुष्य गेलं माझं. लावलेल्या रोपांची बेरीज वेगळी आणि जगलेलं रान वेगळं. पिशवी न फाडता रोप खड्ड्यात सोडलं की दुसरा पाऊस बघत नाही ते. माझ्या मते २००० चा फुगवटा तिथलाच.

सत्तरीची
काका, भारतापुरतं ते असेलही. पण मग चीन २०१० ला ७.७ कोटींवर कसा चढला? मोजण्याची व्याख्या बदलली म्हणून. २००५ ला ‘वृक्षलागवड’ एवढंच धरलं, म्हणजे परकी झाडं किंवा एका ओळीत, एका वयाची देशी. बाकी लावलेलं देशी जंगल ‘निम-नैसर्गिक जंगल’ या वेगळ्या गटात गेलं. २०१० ला दोन्ही एकत्र करून ‘लावलेलं जंगल’ केलं. प्रत्येक अहवाल १९९० पासूनची वर्षं नव्याने देतो, म्हणून ओळ एकाच अहवालातली घ्यायची. २०१० च्या अहवालात भारत: १९९० ला ५७ लाख, २००० ला ७२ लाख, २०१० ला १.०२ कोटी. चीन: ४.२, ५.४ आणि ७.७ कोटी. कुठेही घसरण नाही.

काणकोणचा
एवढी कटकट कशाला? भारतीय वन सर्वेक्षणाचे आकडे घ्या, उपग्रहावरचे, दर दोन वर्षांनी येतात.

सत्तरीची
ते एक हेक्टरवर दहा टक्के झाडांच्या पानोऱ्याचं छत्र दिसलं की वनाच्छादन धरतात. जमीन कुणाची, झाड कसलं, बघत नाहीत. आपल्या गोव्याचं साठ टक्के वनाच्छादन हा आकडा त्यातूनच येतो, भाटातला काजू आणि माड धरून. संघटना फळबागा सोडून देते, रबर मात्र धरते.

वाळपईवाला
आणि खाणीच्या ढिगाऱ्यावरची ऑस्ट्रेलियन आकेशिया? खाली वाळक्या पानांचा इतका थर की गवताची काडी उगवत नाही. त्याला मी जंगल म्हणणार नाही.

काणकोणचा
आकेशियानेच लाल माती शेतात वाहून येणं कमी झालं, काका. आमचे शेतकरी विचारा.

वाळपईवाला
माती धरली, मान्य. पण तिथे किंदळ, खैर लावून बघितलंय का कुणी मनापासून?

डिचोलीकर
थांबा, सोमवार जवळ आलाय. २०२० पर्यंत कसं न्यायचं?

सत्तरीची
मग २०१० चा सोडा आणि पूर्ण ओळ २०२० च्या अहवालातून घ्या. त्यात २०२० ला चीन ८.४७ कोटी, भारत १.३३ कोटी. चीनच्या रेघेवर १९७८ ची उत्तरेकडची संरक्षक वृक्षपट्टी आणि १९९९ ची उतारावरची शेती सोडून झाडं लावायची योजना खूण करून दाखवा. भाचीला बाई हेच विचारतील. तळाशी अहवालाचं वर्ष लिहा.

डिचोलीकर
आता तक्ता नव्याने भरतोय. वाळपईवाले काका, किंदळाचं सविस्तर लिहाल का? भाचीला प्रकल्पात गोव्याचं एक पान हवंय.