मदत हवी आहे : व्हीएस कोडची डावी पट्टी आणि मेनू गायब, टॅबची कीही चालत नाही

प्रश्न :
विंडोज ११, व्हीएस कोड (कोड लिहिण्याचं सॉफ्टवेअर). डावीकडची आयकॉनची उभी पट्टी आणि वरचा फाइल-एडिटचा मेनू दिसत नाही. ओळ क्रमांक दाखवणारी खालची पट्टी आहे. टॅब दाबला की ओळ आत सरकत नाही, भलतंच बटण निवडलं जातं. आणि यादीतून दुसरी फाइल उघडली की पहिली बंद होते. रीइन्स्टॉल केलं, तरी तेच. काय करावं?

प्रतिसाद १ :
रीइन्स्टॉलने सुटणार नाही. तुमची मांडणी आणि सेटिंग्ज युजर फोल्डरच्या अ‍ॅपडेटामध्ये राहतात, अनइन्स्टॉल केल्यावरही ती जात नाहीत.

खालची पट्टी शाबूत आहे म्हणजे झेन मोड (सगळं लपवून फक्त फाइल दाखवणारी मांडणी) नाही. त्यात एरवी तीही लपते आणि एस्केप दोनदा दाबून बाहेर पडता येतं. तुमच्याकडे दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या बंद झाल्यात. कंट्रोल+शिफ्ट+पी दाबून इंग्रजीत 'कस्टमाइझ लेआउट' टाइप करा. यादीत मेनू बार आणि अ‍ॅक्टिव्हिटी बार (डावी पट्टी) यांच्यासमोर डोळ्याचं चिन्ह असतं, ते चालू करा. मेनू फक्त ऑल्ट दाबल्यावरच दिसत असेल तर कंट्रोल+स्वल्पविरामाने सेटिंग्ज उघडा, 'मेनू बार व्हिजिबिलिटी' शोधा आणि 'टॉगल'च्या जागी 'क्लासिक' ठेवा.

प्रतिसाद २ :
टॅबचं कारण बहुतेक कंट्रोल+एम. नवी फाइल उघडायला कंट्रोल+एन दाबताना बोट शेजारच्या एमवर पडतं, आणि टॅबचं काम बदलून फोकस, म्हणजे कीबोर्डची निवड, पुढच्या बटणावर नेणं एवढंच उरतं. माउस न वापरणाऱ्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे, त्यामुळे ती बिघाड समजू नका. खालच्या पट्टीत उजवीकडे 'टॅब मूव्ह्ज फोकस' असं दिसत असेल तर त्यावर क्लिक करा, किंवा कंट्रोल+एम पुन्हा दाबा.

फाइल बंद होते ती प्रिव्ह्यूमुळे. एका क्लिकवर उघडलेल्या फाइलचं नाव तिरक्या अक्षरांत येतं आणि पुढची फाइल तीच जागा घेते. डबलक्लिक केलं किंवा एक अक्षर जरी बदललं, की नाव सरळ होतं आणि फाइल टिकते. ही पद्धत नकोच असेल तर सेटिंग्जमध्ये 'एनेबल प्रिव्ह्यू' शोधून खूण काढा.

प्रश्नकर्ता :
पट्टी, मेनू, टॅब सगळं जमलं, आभार! पण सर्च खालच्या टर्मिनलशेजारी गेलंय आणि गिटचं (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचं) आयकॉन कुठेच नाही.

प्रतिसाद १ :
दोन निराळ्या गोष्टी आहेत. सर्च ओढलं जाऊन खाली गेलंय, त्यासाठी कंट्रोल+शिफ्ट+पी आणि 'रीसेट व्ह्यू लोकेशन्स'. यात तुम्ही मुद्दाम हलवलेली बाकीची दालनंही मूळ जागी जातील, म्हणून एकट्या सर्चचं आयकॉन ओढून डाव्या पट्टीत सोडणं बरं. गिटचं आयकॉन लपवलं गेलंय. पट्टीवर राइट क्लिक करा, 'सोर्स कंट्रोल'वर खूण करा, गिटचं दालन तेच. आयकॉन नसलं तरी कंट्रोल+शिफ्ट+जी दाबून ते दालन उघडतं.